‘थांबा’ म्हणजे ‘संपले’ नव्हे



मागील दोन लेखांत आपण कर्करोगाची धोक्याची लक्षणे आणि त्यासाठी कराव्या लागणाऱ्या तपासण्या यांची माहिती घेतली. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतले एक पत्र मी बाजूला काढून ठेवले होते. एका शेतकरी वाचकाने लिहिले आहे : “वडिलांना कर्करोग आहे. शहरातले डॉक्टर दोन मिनिटांत उरकतात आणि त्यांना काही विचारायची आमची हिंमत होत नाही. वडिलांना आम्ही आजाराचे नाव सांगितलेले नाही. ते दिवसेंदिवस गप्प होत चालले आहेत. औषध चालू आहे, पण घरात कुणी कुणाशी मोकळेपणाने बोलत नाही. काय करावे?”

या पत्राला दोन ओळींत उत्तर देता आले असते. पण उत्तर देताना मला माझीच एक चूक आठवली. ती २०२० सालच्या कोरोनाच्या महासाथीत घडली. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातले बोलणे तुटले की काय होते, हे त्या दिवसांनी जितके शिकवले तितके मला माझ्या वैद्यकीय शिक्षणानेही शिकवले नव्हते. म्हणून आजचा लेख त्याविषयी. (रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

अर्धवट निरोप

आमच्या गावात शिवणकाम करून घर चालवणाऱ्या एक ताई आहेत. २०१९ च्या डिसेंबरात त्यांची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईत झाली. पुढे केमोथेरपीचे आठ डोस ठरले. दर तीन आठवड्यांनी एक. तीन डोस व्यवस्थित पार पडले. चौथा २६ मार्च २०२० रोजी होता.

त्या आठवड्यात काय झाले ते आपणा सर्वांना आठवत असेल. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला. रेल्वे थांबली, एसटी थांबली, जिल्ह्यांच्या हद्दी बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. मुंबईच्या रुग्णालयातून ताईंच्या घरी फोन आला. केसपेपरवर दिरांचा नंबर होता, म्हणून तो दिरांना आला. निरोप असा होता : “२६ तारखेला येऊ नका. गावातच रक्त तपासून रिपोर्ट पाठवा, म्हणजे पुढचा डोस तुमच्या जवळच्या केंद्रात द्यायची व्यवस्था करता येईल.” दिरांनी तो बायकोला सांगितला, तिने ताईंच्या यजमानांना आणि यजमानांनी ताईंना. ताईंपर्यंत पोचले ते इतकेच : “येऊ नका म्हणालेत.”

नारायणराव पेशव्यांच्या वेळची ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिथे एक अक्षर बदलले होते. इथे अक्षर बदलले नाही, फक्त अर्धे वाक्य वाटेत गळून पडले.

दोन दिवसांनी ताईंनी मला फोन केला. त्या वेळी माझ्या दवाखान्याबाहेर तापाच्या रुग्णांची रांग होती आणि मी स्वतःही घाबरलेला होतो. मी घाईघाईने म्हणालो, “ताई, आत्ता मुंबईचं नाव काढू नका. बघू नंतर.” आणि फोन ठेवला. “नंतर” म्हणजे कधी, हे मी सांगितले नाही. का थांबायचे, तेही सांगितले नाही.

१८ एप्रिलला त्यांची मुलगी दवाखान्यात आली. म्हणाली, “डॉक्टरकाका, आई लोकांचं शिवायला आलेलं कापड परत पाठवतेय. जेवत नाही. काल मला कपाटाच्या किल्ल्या कुठं असतात ते दाखवलं.”

मी त्याच संध्याकाळी गेलो. पडवीत सहा फुटांवर बसलो आणि विचारले, “ताई, मुंबईच्या निरोपातून तुम्हाला काय समजलं?” त्या शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टर, हाती काही असतं तर त्यांनी बोलावलं असतं. तुम्हीही बघू नंतर म्हणालात. मला समजलं सगळं. फक्त पोरीला सांगू नका.”

तीन आठवडे या बाई मनातल्या मनात स्वतःच्या मरणाची तयारी करत होत्या. त्यांचा आजार वाढलेला नव्हता. उपचार संपलेले नव्हते. रुग्णालयाने त्यांना सोडलेही नव्हते. मी त्यांची क्षमा मागितली. दुसऱ्या दिवशी मुंबईला फोन लावला, रक्त तपासून घेतले, पोलिसांकडून गाडीचा पास काढला आणि एप्रिलच्या अखेरीस जिल्ह्याच्या ठिकाणी चौथा डोस झाला. पाच आठवडे उशिरा. पुढचे सर्व डोस पूर्ण झाले. ताई आजही तपासणीला जातात, त्यांची शिलाई मशीनही चालू आहे. त्या पाच आठवड्यांनी नुकसान केले की नाही, हे एका रुग्णाबाबत कुणालाच सांगता येणार नाही. पण त्यातले तीन आठवडे टाळेबंदीने घेतलेले नव्हते. ते अर्धवट निरोपाने आणि माझ्या अर्धवट वाक्याने घेतले, हे मला विसरता येत नाही.

त्या दिवसांत देशभर काय झाले

ताईंची गोष्ट एकट्या आमच्या गावातली नव्हे. देशातील ४१ कर्करोग केंद्रांचा एक मोठा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना २०१९ मधील त्याच तीन महिन्यांशी केली, तेव्हा नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. फेरतपासणीला येणारे ४६ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी कमी झाल्या. कर्करोग टाळेबंदी पाळत नाही. रुग्ण कमी झाले नव्हते, ते घरी बसले होते.

उशीर किती महाग पडतो याचाही हिशेब झाला आहे. सात प्रकारच्या कर्करोगांवरील अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा नोव्हेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेला दर चार आठवडे उशीर झाल्यास मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असे त्यात आढळले.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने त्या काळात दारे बंद केली नाहीत. २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या दिवसांत तिथे कर्करोगाच्या ४९४ नियोजित शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतला एकही रुग्ण शस्त्रक्रियेनंतर दगावला नाही. म्हणजे योग्य काळजी घेतली तर महासाथीतही उपचार करता येत होते. पण ही गोष्ट खेड्यातल्या रुग्णापर्यंत कुणी पोचवायची? ते काम माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरांचे होते. आमच्यापैकी अनेकांना ते वेळेवर जमले नाही.

‘थांबा’ चे तीन अर्थ

डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात तेव्हा त्याचे किमान तीन वेगळे अर्थ असू शकतात. रुग्णाला मात्र बहुधा एकच अर्थ ऐकू येतो, तो म्हणजे ‘संपले’. म्हणून हे तीन अर्थ नीट समजून घ्या.

पहिला अर्थ : थांबणे सुरक्षित आहे. उपचार पूर्ण होऊन काही वर्षे झाली आहेत, त्रास काही नाही, फक्त वार्षिक तपासणी आहे. अशी तपासणी काही आठवडे पुढे गेली तर सहसा बिघडत नाही. गर्दीच्या रुग्णालयात जाऊन संसर्ग घेऊन येण्याचा धोका त्यापेक्षा मोठा असू शकतो.

दुसरा अर्थ : थोडे थांबू, पण मधल्या काळात दुसरा उपाय करू. स्तनाच्या आणि पुरुषांमधील प्रोस्टेट ग्रंथीच्या काही कर्करोगांत हार्मोनवर काम करणाऱ्या गोळ्या किंवा इंजेक्शने देऊन आजार काही काळ आवरून धरता येतो. कधी दोन डोसांमधले अंतर वाढवतात, कधी सलाइनऐवजी गोळ्यांचे औषध देतात, कधी उपचाराचे ठिकाण बदलतात. केमोमुळे रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतूंशी लढण्याची शक्ती मंदावते. म्हणून साथीच्या काळात डॉक्टर असा विचार करतात. त्यात रुग्णाला सोडून देण्याचा हेतू नसतो.

तिसरा अर्थ खरे तर ‘थांबू नका’ असा असतो. काही आजार आणि काही लक्षणे थांबू देत नाहीत. झपाट्याने वाढणारा रक्ताचा कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव, श्वास कोंडणे, पाय अचानक लुळे पडणे किंवा लघवीवरचा ताबा जाणे, ही सारी तातडीची लक्षणे आहेत. त्यांतच केमो चालू असताना येणारा ताप धरावा. केमो घेणाऱ्या रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला तर घरी क्रोसिन देऊन वाट पाहू नये. त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. कोरोनाच्या दिवसांत विलगीकरण कक्षात नेतील या भीतीने कित्येकांनी ताप लपवला. असा ताप लपवणे जिवावर बेतू शकते.

यापुढे डॉक्टर ‘थांबा’ म्हणाले की तीन प्रश्न विचारा : का थांबायचे? कधीपर्यंत? आणि तोपर्यंत काय करायचे? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय दवाखान्याबाहेर पडू नका, फोनही ठेवू नका. आणि डॉक्टर मित्रांनो, रुग्णाने विचारले नाही तरी ही उत्तरे आपण आपणहून दिली पाहिजेत.

मास्कमागचा चेहरा, फोनवरचा आवाज

रुग्ण डॉक्टरचे शब्द ऐकतो, त्याहून अधिक त्याचा चेहरा वाचतो. रिपोर्ट हातात घेतल्यावर डॉक्टरच्या कपाळावर आठी पडली का, तो हसला का, यावर घरी गेल्यावर चर्चा होते. मास्कने अर्धा चेहरा झाकला. पीपीई किटमध्ये तर डॉक्टर कोण आणि नर्स कोण तेही कळेना. आवाज दबका येई. ज्येष्ठ नागरिकांना ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखायची सवय असते, तीही सोय गेली. नातेवाइकांना आत सोडत नसत. पूर्वी पाठीवर हात ठेवला की अर्धे काम होई. तो हातही आवरावा लागला.

उरला फोन. केंद्र सरकारने फोन, व्हिडिओ आणि संदेश यांद्वारे सल्ला देण्यासंबंधीची नियमावली २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, जाहीर केली. एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी ओपीडी’ सुरू झाली. ही मोठीच सोय होती. घरबसल्या तज्ज्ञाचे मत मिळू लागले, गाडीभाडे वाचले.

पण फोनवर रडणे दिसत नाही. गप्प राहणे म्हणजे समजले की घाबरले, हे कळत नाही. शिवाय फोन बहुधा मुलाच्या किंवा पुतण्याच्या हातात असतो आणि आई बाजूला बसून एका बाजूचे बोलणे ऐकत असते. मुलगा “हो, हो, बरं” म्हणतो आणि आई त्या ‘बरं’चा अर्थ लावत बसते. म्हणून मी तेव्हापासून तीन गोष्टी पाळतो. पहिली, “फोन स्पीकरवर ठेवा आणि शेजारी कोण कोण आहे ते सांगा.” दुसरी, बोलणे संपताना “मी काय सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला परत सांगा.” यात परीक्षा रुग्णाची नसते, मी नीट सांगितले की नाही याची असते. तिसरी, वाईट बातमी मेसेजवर कधीही पाठवायची नाही.

डॉक्टरांविषयीही एक शब्द लिहितो. त्या दिवसांत डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय सगळेच थकलेले होते. सहकारी आजारी पडत होते, घरी म्हातारे आईवडील होते. थकलेला माणूस तुटक बोलतो. हे समर्थन नाही, कारण आहे. तुटक बोलणाऱ्या डॉक्टरला “साहेब, आता घाई असेल तर मी संध्याकाळी फोन करू का?” असे विचारणारा नातेवाईक मी पाहिला आहे. त्याला संध्याकाळी पंधरा मिनिटे मिळाली.

वाईट बातमी सांगण्याच्या सहा पायऱ्या

वाईट बातमी कशी सांगावी याची एक पद्धत २००० साली वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. कर्करोगाच्या डॉक्टरांना ती आज जगभर शिकवली जाते. ती घरातल्या माणसांनाही उपयोगी पडेल, म्हणून आपल्या भाषेत देतो.

१. बैठक : उभ्या उभ्या, व्हरांड्यात, चार लोकांत सांगू नये. बसावे. टीव्ही बंद करावा. रुग्णाला जवळचे वाटणारे माणूस सोबत असावे.

२. आधी विचारावे : “आजाराबद्दल तुम्हाला काय वाटतंय?” रुग्णाला बहुधा आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त माहीत असते, किंवा ताईंसारखे काही भलतेच समजलेले असते.

३. किती ऐकायचे आहे ते विचारावे : “सगळं सविस्तर सांगू, की मोठ्या मुलाशी बोलू?” काहींना सर्व हवे असते, काहींना नको असते. दोन्ही बरोबर आहे. पण निवड रुग्णाची असावी.

४. थोडे थोडे, साध्या शब्दांत सांगावे : “रिपोर्ट आपल्याला हवा होता तसा आलेला नाही,” असे म्हणून क्षणभर थांबावे. मग पुढचे सांगावे. ‘मेटास्टॅसिस’ न म्हणता ‘आजार यकृतापर्यंत गेला आहे’ म्हणावे.

५. भावनांना जागा द्यावी : रुग्ण रडला तर लगेच “रडू नका” म्हणू नये. पाण्याचा पेला पुढे करावा आणि गप्प बसावे. ही शांतता अवघड जाते, पण उपयोगी पडते.

६. पुढचे पाऊल ठरवावे : उद्या काय, परवा काय, फोन कुणाला करायचा. आजार बरा होणारा नसला तरी वेदना कमी करणे, झोप लागणे, अन्न जाणे यासाठी करण्यासारखे पुष्कळ असते. “आता काही करता येणार नाही” हे वाक्य वैद्यकीयदृष्ट्याही चूक आहे.

मी ताईंना घाईत उत्तर दिले तेव्हा यांतली एकही पायरी पाळली नव्हती. पडवीत बसलो तेव्हा दुसरी पायरी नकळत पाळली आणि तिथूनच गाठ सुटली.

“त्यांना सांगू नका”

आपल्याकडे कर्करोगाचे निदान आधी नातेवाइकांना कळते आणि दाराबाहेर डॉक्टरांना गळ घातली जाते, “साहेब, त्यांना सांगू नका, ते खचतील.” यामागे माया असते, हे मी नाकारत नाही. पण त्याचा परिणाम काय होतो ते पाहा.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर माझे रुग्ण होते. जठराचा कर्करोग, फार पुढे गेलेला. मुलाने मला शब्द घातला होता. वडिलांना त्याने ‘अल्सर’ सांगितले होते. एका रात्री त्यांचा फोन आला. “डॉक्टरसाहेब, पोरानं तुम्हाला गप्प बसायला सांगितलंय ना? तीस वर्षं माणसं बघितलीत मी. बिनतिकिटाचा माणूस तोंडावरून ओळखू येतो.”

मी खोटे बोललो नाही. विचारले, “तुम्हाला सगळं ऐकायचं आहे का?” ते म्हणाले, “ऐकायचंय. दोन कामं राहिलीत.” एक काम सातबाऱ्यावरच्या नावांचे होते. दुसरे सोलापूरच्या बहिणीचे. बांधाच्या भांडणावरून दोघे अकरा वर्षे बोलत नव्हते. प्रवास शक्य नव्हता. नातवाने व्हिडिओ कॉल लावून दिला. दोघेही बराच वेळ काही बोलले नाहीत, नुसते एकमेकांकडे पाहत राहिले, असे नातवाने मला नंतर सांगितले. त्यानंतर बारा दिवसांनी ते घरीच गेले. वेदनेसाठी मॉर्फिनच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून शेवट शांत झाला. मुलगा मला म्हणाला, “आधीच बोललो असतो तर बरं झालं असतं. आम्ही दोघंही एकमेकांपासून लपवत होतो.”

सत्य एकदम अंगावर टाकावे असे मी म्हणत नाही. रुग्णाने विचारले तर खोटे बोलू नये, आणि न विचारले तरी विचारायला वाट मोकळी ठेवावी, इतकेच म्हणतो. घरातले लपवतात तेव्हा रुग्णाला आजाराबरोबर एकटेपणही सोसावे लागते.

मनाचा ताप मोजा

कर्करोगाच्या रुग्णाला भीती, राग, रडू येणे, “मीच तंबाखू खाल्ली, माझंच चुकलं” अशी खंत वाटणे स्वाभाविक आहे. महासाथीत त्यात भर पडली. संसर्गाची भीती, पैशाची चणचण आणि भेटायला येणारे कुणी नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे झाले.

अंगातला ताप जसा थर्मामीटरने मोजतात, तसा मनाचा ताणही मोजता येतो. रुग्णाला विचारा : “गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला? काहीच नाही म्हणजे शून्य आणि असह्य म्हणजे दहा. तुमचा आकडा कोणता?” उत्तर चार किंवा जास्त आले तर त्यावर बोलायला हवे, असे समजतात. कर्करोग रुग्णालयांत ही साधी पद्धत वापरतात. तुम्ही घरीही वापरू शकता. आकडा सांगणे ‘मी घाबरलोय’ म्हणण्यापेक्षा सोपे जाते, विशेषतः पुरुषांना.

उदासपणा दोन आठवड्यांहून अधिक सतत राहिला, कशातच रस वाटेना, रुग्ण कुणाला भेटेना, “मी तुमच्यावर ओझं आहे” असे वारंवार म्हणू लागला, वस्तूंची निरवानिरव करू लागला, तर हे ‘आजारामुळे होणारच’ म्हणून सोडून देऊ नका. जीव नकोसा झाला आहे का, हे सरळ विचारा. विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. उलट सांगणाऱ्याला हलके वाटते. उत्तर ‘हो’ असेल तर रुग्णाला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. शासनाची ‘टेली-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तिथे मराठीत बोलता येते.

सांभाळणाऱ्याचाही आकडा विचारा. रात्र रात्र जागणाऱ्या सुनेला किंवा मुलीला कुणी काही विचारत नाही.

एक वही आणि सात सवयी

महासाथ ओसरली. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पण आपल्या तालुक्यातला रुग्ण आजही मुंबई-पुण्याला उपचार घेतो आणि बाकीचे दिवस गावात काढतो. निरोप आजही फोनवरूनच येतात. म्हणून त्या दिवसांत शिकलेल्या सवयी आजही उपयोगाच्या आहेत. यासाठी लागणारी वस्तू एकच, शंभर पानी वही.

१. वहीच्या पहिल्या पानावर आजाराचे नाव, औषधांची नावे, झालेले आणि राहिलेले डोस, रुग्णालयाचा फोन आणि केसपेपरचा क्रमांक लिहा.

२. रुग्णालयात नंबर देताना रुग्णाचा स्वतःचा नंबर पहिला द्या. नातेवाइकाचा दुसरा.

३. घरातल्या एकाच माणसाने रुग्णालयाशी बोलावे आणि निरोप ऐकताच शब्दशः लिहून घ्यावा. मग तो लिहिलेला निरोप रुग्णाला वाचून दाखवावा.

४. डॉक्टरांना भेटण्याआधी प्रश्न लिहून न्या. तीनच असू द्या, पण महत्त्वाचे. सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आधी विचारा.

५. सल्ला समजला नाही तर “साहेब, मला समजलं नाही, पुन्हा सांगता का?” म्हणायला लाजू नका. डॉक्टर रागावतील या भीतीने चुकीचे औषध घेण्यापेक्षा ते बरे.

६. पैशाची अडचण लपवू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे. रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटा. पैशाअभावी उपचार मधेच सोडला तर निदान डॉक्टरांना तसे सांगा, ते दुसरा मार्ग शोधू शकतात.

७. दिवसातून एकदा रुग्णाशी आजाराव्यतिरिक्त बोला. पाऊसपाणी, नातवाची शाळा, गावची यात्रा. रुग्ण हा आधी माणूस आहे आणि मग रुग्ण.

पत्रलेखक वाचकास

आता आपल्या पत्राचे उत्तर. आज संध्याकाळी वडिलांजवळ बसा. त्यांना काही सांगायची घाई करू नका. फक्त विचारा, “बाबा, तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल काय वाटतंय?” आणि मग ते बोलेपर्यंत थांबा. बहुधा ते तुमची वाटच पाहत असतील. ते जे म्हणतील ते वहीत लिहून पुढच्या वेळी डॉक्टरांकडे न्या आणि तीन प्रश्न विचारा. दोन मिनिटेच मिळाली तरी लिहून नेलेल्या तीन प्रश्नांना ती पुरतात. मोठ्या डॉक्टरांचे बोलणे समजले नाही तर वही घेऊन गावातल्या आपल्या डॉक्टरकडे जा. ते समजावून सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. मी ते एकदा चुकवले आहे, म्हणून ठामपणे सांगतो.

पुढील आठवड्यात : केमोथेरपी चालू असताना आहार कसा असावा?